स्मृतिभ्रंशग्रस्तांच्या निवासगृहांची पारख : इंग्लंडमधील तपासणीच्या इतिहासाचा विचार

१

शाळेचा दर्जा विद्यार्थ्यांच्या परीक्षेवरून, इस्पितळाचा दर्जा बऱ्या होऊन घरी गेलेल्या रोग्यांवरून आणि खाणावळीचा दर्जा पुन्हा येणाऱ्या गिऱ्हाइकांवरून ढोबळ मानाने ठरविता येतो. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या निवासगृहास यांपैकी एकही कसोटी लागू पडत नाही. तेथे आलेला मनुष्य बरा होऊन परत जात नाही. आवडले नाही म्हणून दुसरीकडे बिऱ्हाड हलविण्याची त्यास सोय नसते. आणि सकाळी आपल्याशी कोण कसे वागले हे संध्याकाळी सांगण्याइतकी स्मृतीही त्याच्यापाशी बहुधा उरलेली नसते.

स्मृती गेली म्हणजे दुःखही गेले, असे मात्र नाही. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात अल्झायमर रोग झालेल्या व्यक्तींस दुःखद व सुखद चित्रपटांचे काही अंश दाखविण्यात आले. थोड्याच वेळात काय पाहिले याची आठवण पुसट झाली. परंतु त्यामुळे मनात उठलेली खिन्नता अगर प्रसन्नता पुढेही टिकून राहिली. निवासगृहाच्या दृष्टीने याचा अर्थ गंभीर आहे. अपमानाची घटना विसरली जाते, पण अपमान उरतो. आणि ज्यास तो सोसावा लागतो त्यास त्याचे कारण सांगता येत नाही.

म्हणून अशा गृहाची पारख हा मूलतः साक्षीपुराव्याचा प्रश्न आहे. मुख्य साक्षीदार बोलू शकत नसेल तर त्याच्या जागी कोणाची साक्ष घ्यावयाची? इंग्लंडमध्ये निवासी संस्थांच्या सरकारी तपासणीस १७७४ साली प्रारंभ झाला. तेव्हापासूनच्या सुमारे अडीचशे वर्षांच्या इतिहासात या प्रश्नास निरनिराळी उत्तरे देण्यात आली: नोंदवही, इमारत, नोकरवर्ग, नातेवाईक आणि अखेरीस खोलीत स्वस्थ बसून पाहणारा निरीक्षक. प्रत्येक नवा साक्षीदार आधीच्याची उणीव भरून काढण्यासाठी आला आणि प्रत्येकाने स्वतःची एक नवी उणीव मागे ठेविली. या क्रमाचे विवेचन करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये वेडसर मंडळींस ठेवून घेणारी खासगी गृहे हा एक धंदा होऊन बसला होता. त्यांवर नियंत्रण आणणारा कायदा १७७४ मध्ये संमत झाला. त्यान्वये अशा गृहास परवाना घेणे आवश्यक झाले आणि लंडन व आसपासच्या प्रदेशातील तपासणी तेथील वैद्यांच्या महाविद्यालयाने नेमलेल्या आयुक्तांकडे सोपविण्यात आली. परंतु वाईट स्थिती आढळल्यास परवाना काढून घेण्याचा अधिकार या आयुक्तांस नव्हता. आपला अभिप्राय महाविद्यालयाच्या एका दालनात टांगून ठेवणे एवढेच त्यांच्या हाती होते. दोष पाहण्याचा अधिकार आहे पण दूर करण्याचा नाही, ही स्थिती पुढील काळातही अनेकदा दिसून येते; तिचा उगम येथेच आहे.

१८४५ च्या कायद्याने या व्यवस्थेस देशव्यापी व कायम स्वरूप आले. ज्यांस लूनसी कमिशनर म्हणत अशा अकरा आयुक्तांचे मंडळ स्थापन झाले. त्यांपैकी सहा वेतनधारी असून त्यांत तीन वैद्य व तीन कायदेपंडित होते. पुढे लॉर्ड शाफ्ट्सबरी या नावाने प्रसिद्धीस आलेले लॉर्ड ॲशली १८८५ मध्ये मृत्यू येईपर्यंत या मंडळाचे अध्यक्ष राहिले. आयुक्त पूर्वसूचनेशिवाय, आणि जरूर पडल्यास रात्रीही, संस्थेत प्रवेश करू शकत. अन्न, अंथरूण, हवा व स्वच्छता ते पाहत, रोग्यास बांधून अगर कोंडून ठेवल्याच्या नोंदी तपासत, रोग्यांशी बोलत. शंभराहून अधिक वर्षांनंतरच्या कित्येक तपासण्यांपेक्षा ही पद्धत अधिक निर्भीड होती, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि या पद्धतीच्या पोटात एक गृहीत होते. व्हिक्टोरियन समाजास सर्वांत मोठे भय होते ते शहाण्या मनुष्यास कपटाने वेडा ठरवून डांबले जाण्याचे. प्रमाणपत्रे, नोंदवह्या व मुलाखती यांचा सारा पसारा त्या भयातून उभा राहिला होता. ज्याच्यासाठी ही व्यवस्था रचली गेली तो मनुष्य आपली कैफियत मांडू शकणारा होता. वार्धक्याने बुद्धी मंदावलेल्या वृद्धाची गोष्ट निराळी होती. त्यास कोणी कपटाने आणलेले नसे. त्यास ठेवावयास दुसरी जागाच नसे. असे वृद्ध मोठ्या संख्येने वर्कहाऊसमध्ये, म्हणजे १८३४ च्या दारिद्र्यविषयक कायद्याने सर्वत्र उभारल्या गेलेल्या कष्टगृहांत राहत आणि तेथे सांभाळणे कठीण झाले की मनोरुग्णालयांत धाडले जात. रुग्णालयांचे अधीक्षक अशा भरतीबद्दल कुरकुर करीत. आयुक्तांच्या अहवालांत हे वृद्ध प्रामुख्याने येतात ते संख्या म्हणून. साक्षीदार म्हणून क्वचितच.

३

आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण रूढ आहे. वार्धक्याबरोबर बुद्धी जावयाचीच, हा समज एका देशापुरता नाही. जर्मन वैद्य आलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये ट्यूबिंगन येथे आपले सुप्रसिद्ध निवेदन केले आणि क्रेपेलिन यांनी १९१० मध्ये आपल्या पाठ्यग्रंथात त्या विकारास अल्झायमर यांचे नाव दिले. परंतु तो विकार तुलनेने तरुण वयातील व विरळा आहे अशीच पुढे पुष्कळ वर्षे समजूत होती. न्यूकॅसल येथे ब्लेस्ड, टॉमलिन्सन व रॉथ यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वृद्धांच्या मेंदूतील विकृती व त्यांच्या बुद्धीचा ऱ्हास यांचा संबंध दाखविला, आणि म्हातारचळ हा वयाचा धर्म नसून रोग आहे या मतास बळ आले. जोवर ती अवस्था स्वाभाविक मानली जात होती तोवर त्या अवस्थेतील मनुष्यास कसे वागवावे याचे मोजमाप करण्याची कोणास निकड वाटली नाही.

मध्यंतरी १९४८ चा राष्ट्रीय साहाय्य कायदा अमलात आला. वय अगर अशक्तपणा यांमुळे ज्यांस देखभालीची गरज आहे त्यांस निवासाची सोय करून देणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरले. जुन्या कष्टगृहांच्या जागी पंचवीस-तीस माणसांची आटोपशीर गृहे व्हावीत आणि वृद्धांनी तेथे हॉटेलातील पाहुण्याप्रमाणे मानाने राहावे, असा मंत्री अनायरिन बेव्हन यांचा मनोदय होता. दहा वर्षांनी त्याचे काय झाले हे पाहण्यास समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड निघाले. १९५८ व १९५९ या काळात इंग्लंड व वेल्समधील १७३ संस्थांस भेटी देऊन त्यांनी ‘द लास्ट रेफ्यूज’ हा ग्रंथ १९६२ मध्ये प्रसिद्ध केला. कष्टगृह ही संस्था कायद्याच्या पुस्तकातून गेली होती. तिच्या इमारती, लांबलचक शयनदालने आणि रीतिभाती मात्र पुष्कळ ठिकाणी तशाच होत्या.

टाउनसेंड यांचे कार्य दोन कारणांसाठी महत्त्वाचे ठरते. एक म्हणजे, गृहांची परस्परांशी तुलना करता यावी म्हणून त्यांनी गुण देण्याची एक पद्धत तयार केली. तीत इमारतीच्या सोयी व नोकरवर्ग यांच्या जोडीस दिवस घालविण्याची साधने, दैनंदिन स्वातंत्र्य आणि सामाजिक संबंध यांसही स्थान होते. सकाळी केव्हा उठावे, खोलीत स्वतःची वस्तू ठेवता येते काय, या गोष्टी पलंगांच्या संख्येइतक्याच मोजण्याजोग्या आहेत हे त्यातून प्रस्थापित झाले. दुसरे असे की, केवळ अधिकाऱ्यांच्या सांगण्यावर त्यांनी विसंबून ठेविले नाही. वृद्धांच्या मुलाखती घेतल्या, छायाचित्रे काढली आणि एका संस्थेत परिचारकाचे कामही करून पाहिले. मात्र मुलाखत हे साधन बोलू शकणाऱ्यापुरते मर्यादित असते. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांची वेगळी गृहे कशी आहेत, हा स्वतंत्र प्रश्न घेऊन मायकेल मीचर यांनी ‘टेकन फॉर अ राइड’ हे पुस्तक १९७२ मध्ये लिहिले आणि अशा माणसांस वेगळे काढण्याच्या धोरणावरच टीका केली. गोंधळल्यासारखे दिसणारे वर्तन हे पुष्कळदा भोवतालच्या परिस्थितीस दिलेले उत्तर असते, हा त्यांचा मुद्दा पुढील विचारास पोषक ठरला.

४

याच सुमारास वेगळ्या प्रकारची साक्ष पुढे आली. एका वृद्ध परिचित स्त्रीस भेटण्यासाठी बार्बरा रॉब या १९६५ मध्ये लंडनच्या फ्रायर्न मनोरुग्णालयात गेल्या आणि तेथील वृद्धांची दशा पाहून त्यांनी चळवळ उभी केली. परिचारिका व इतर प्रत्यक्षदर्शी यांची निवेदने एकत्र करून त्यांनी १९६७ मध्ये ‘सान्स एव्हरीथिंग’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. चष्मे, कृत्रिम दात व ऐकण्याची यंत्रे काढून घेतली जाणे, दटावणे, मारहाण अशा तक्रारी त्यात होत्या. शासनाने चौकशी समित्या नेमल्या. त्यांचा वृत्तान्त १९६८ मध्ये आला आणि बहुतेक आरोप निराधार ठरविण्यात आले.

परंतु त्याच वेळी कार्डिफच्या ईली रुग्णालयाची चौकशी जेफ्री हाउ यांच्या अध्यक्षतेखाली चालू होती. ते रुग्णालय मतिमंदांचे होते, स्मृतिभ्रंशाच्या रोग्यांचे नव्हते. तरीही मार्च १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालाने एका कर्मचाऱ्याच्या तक्रारींपैकी पुष्कळ खऱ्या ठरविल्या, आणि तपासणीच्या सर्व क्षेत्रास धक्का बसला. मंत्री रिचर्ड क्रॉसमन यांनी त्याच वर्षी दीर्घकालीन रुग्णालयांस भेटी देणारी एक सल्लागार यंत्रणा स्थापन केली.

या दोन चौकशांच्या निष्कर्षांतील अंतर विचार करण्याजोगे आहे. एके ठिकाणी साक्षीदारांवर अविश्वास दाखविण्यात आला, दुसऱ्या ठिकाणी विश्वास. नोकरवर्गाची साक्ष मोलाची असते, कारण तो चोवीस तास तेथे असतो. पण साक्ष देणाऱ्याची नोकरी धोक्यात येते, आणि न देणाऱ्याचे मौन निष्ठा म्हणून गौरविले जाते. नातेवाईक येतात ते ठरलेल्या वेळी. आणि दुसरीकडे जागा मिळणे कठीण असल्याने त्यांचीही जीभ अडखळते. जे मुख्य साक्षीदार, त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग अद्याप सापडावयाचा होता.

५

दर्जाच्या विचारास शास्त्रीय परिभाषा मिळाली ती वैद्यकाच्या क्षेत्रात. अमेरिकेतील ॲव्हेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये लिहिलेल्या लेखात सेवेची पारख रचना, प्रक्रिया व परिणाम या तीन अंगांनी करावी असे सुचविले. रचना म्हणजे इमारत व मनुष्यबळ, प्रक्रिया म्हणजे प्रत्यक्ष केलेली सेवा आणि परिणाम म्हणजे तिचे फळ. यांपैकी रचना मोजणे सर्वांत सोपे; म्हणून नियम करणाऱ्यांचा कल नेहमी तिकडेच राहिला.

१९८० नंतर सामाजिक सुरक्षा निधीतून मिळणाऱ्या पैशावर इंग्लंडमध्ये खासगी निवासगृहांची संख्या झपाट्याने वाढली. त्यांच्या नोंदणीसाठी १९८४ चा कायदा झाला आणि त्याच वर्षी ‘होम लाइफ’ ही आचारसंहिता प्रसिद्ध झाली. पुढे २००० च्या कायद्यान्वये राष्ट्रीय आयोग स्थापन होऊन एप्रिल २००२ पासून वृद्धांच्या गृहांसाठी ३८ किमान मानके लागू करण्यात आली. नव्या गृहातील एका माणसाच्या खोलीचे क्षेत्र निदान १२ चौरस मीटर असावे, येथपर्यंत तपशील त्यांत होता. हे निरर्थक होते असे नव्हे. स्वतःची खोली हा प्रतिष्ठेचा पाया आहे. परंतु बारा चौरस मीटरच्या खोलीत दिवसभर एक शब्दही कानी न पडता मनुष्य बसून राहू शकतो, आणि तपासनिसाच्या तक्त्यात त्या खोलीपुढे समाधानाची खूण होऊ शकते.

६

या कोंडीतून वाट काढण्याचा सर्वांत मूलगामी प्रयत्न ब्रॅडफर्ड विद्यापीठात झाला. टॉम किटवुड व कॅथलीन ब्रेडिन यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ‘डिमेन्शिया केअर मॅपिंग’ ही निरीक्षणपद्धती विकसित केली. तिच्यामागील विचार किटवुड यांनी १९९७ च्या ‘डिमेन्शिया रिकन्सिडर्ड’ या ग्रंथात मांडला. पुढील वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचे म्हणणे असे की, रोग्याची अवनती केवळ मेंदूच्या विकृतीने होत नाही. भोवतालची माणसे त्यास ज्या रीतीने वागवितात तिचाही त्यात वाटा असतो. अशा घातक वागणुकीचे सतरा प्रकार त्यांनी सांगितले. त्यांत धमकावणे व चेष्टा करणे आहे. पण लहान मुलाप्रमाणे वागविणे, त्याच्या देखत त्याच्याविषयी तो तेथे नसल्याप्रमाणे बोलणे, त्यास झेपणार नाही अशा वेगाने उरकून घेणे यांचाही समावेश आहे. असे वागणारे दुष्ट असतात असे किटवुड यांनी म्हटले नाही. हे वर्तन संस्थेच्या रीतीतून आपोआप घडते, हेच त्यांस दाखवावयाचे होते.

पद्धतीचे स्वरूप असे. प्रशिक्षित निरीक्षक गृहाच्या बैठकीच्या खोलीत अगर भोजनगृहात कित्येक तास, सामान्यतः सुमारे सहा तास, बसतो. थोड्याच रहिवाशांवर लक्ष केंद्रित करून दर पाच मिनिटांस प्रत्येकाविषयी दोन नोंदी करतो. पहिली नोंद तो मनुष्य काय करीत आहे याची. त्यासाठी अक्षरांच्या खुणा ठरलेल्या आहेत. दुसरी त्याच्या मनःस्थितीची व गुंतलेपणाची. २००५ च्या आवृत्तीत ती उणे पाचापासून अधिक पाचापर्यंतच्या श्रेणीत मांडली जाते. शिवाय सेवकांच्या हातून घडलेल्या मान राखणाऱ्या व मान दुखावणाऱ्या प्रसंगांची टिपणी केली जाते. शयनगृहात व स्नानगृहात निरीक्षकाने जावयाचे नाही. अखेरीस साऱ्या नोंदी सेवकांपुढे ठेवून त्यांवर चर्चा करावयाची.

या पद्धतीने पारखीचा केंद्रबिंदू बदलला. चहा वेळेवर आला, हे वेळापत्रकात दिसते. पेला हातात देताना सेविकेने वृद्धेचे नाव घेतले काय, ती मान वर करीपर्यंत थांबली काय, की बोलता बोलता दुसरीकडे पाहत पेला मेजावर ठेवून ती पुढे गेली, हे केवळ तेथे बसलेल्यास दिसते. वृद्धेस हा प्रसंग सांगता येणार नाही; पण तिचा चेहरा, तिचे हात आणि तिचे पुन्हा मिटलेले डोळे ही तिची साक्षच आहे. बोलू न शकणाऱ्याची साक्ष त्याच्या वर्तनातून वाचता येते, हा या पद्धतीचा खरा शोध होय. शासकीय तपासणीनेही तिची दखल घेतली. सामाजिक सेवांच्या तपासणी आयोगाने ब्रॅडफर्ड विद्यापीठाच्या साहाय्याने निरीक्षणाची एक संक्षिप्त पद्धत तयार केली. २००९ मध्ये स्थापन झालेल्या केअर क्वालिटी कमिशनने ती पुढे चालविली.

७

पाहणारा डोळा मिळाला तरी काय पाहावे याचे शिक्षण त्यास द्यावे लागते. पूर्वीच्या तपासणीत शांत गृह हे चांगले गृह समजले जात असे. प्राध्यापक सुबे बॅनर्जी यांनी २००९ मध्ये इंग्लंडच्या आरोग्य खात्यास सादर केलेल्या अहवालाने या समजुतीस तडा दिला. स्मृतिभ्रंश झालेल्या सुमारे १,८०,००० व्यक्तींस वर्षभरात उन्मादविरोधी औषधे दिली जातात आणि त्यामुळे वर्षास सुमारे १,८०० अधिक मृत्यू होत असावेत, असा त्यांचा अंदाज होता. औषधे घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांस त्यांचा लाभ होतो, असेही त्यांनी दाखविले. म्हणजे दिवाणखान्यातील शांतता ही समाधानाची खूण असू शकते, तशीच ती गुंगीचीही असू शकते. तपासनिसाने औषधांची वही आणि चेहरे ही दोन्ही एकत्र वाचली पाहिजेत.

निरीक्षणपद्धतीच्याही मर्यादा उघड झाल्या. ज्या ठिकाणी मनुष्य सर्वाधिक असहाय असतो त्या स्नानगृहात ती जात नाही, आणि जाऊही नये. ती वेळखाऊ व खर्चिक आहे. तिच्या उपयोगाने गृहांत प्रत्यक्ष सुधारणा होते काय, याविषयीचा पुरावा संमिश्र आहे. सिडनी येथील २००९ च्या प्रयोगात रहिवाशांची अस्वस्थता कमी झाल्याचे दिसले. उलट इंग्लंडमधील ५० गृहांत झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात तसा लाभ आढळला नाही. त्या प्रयोगात बहुसंख्य गृहांस ठरलेली आवर्तने पूर्णही करता आली नाहीत. यावरून पद्धत खोटी ठरत नाही. दोष दिसल्यानंतर तो दूर करण्यास लागणारा वेळ, मनुष्यबळ व पुढाकार गृहापाशी नसेल तर पाहणे व्यर्थ जाते, एवढाच निष्कर्ष काढता येतो. १७७४ च्या आयुक्तांची अडचण येथे नव्या रूपाने पुन्हा भेटते.

स्वतः रहिवाशांस विचारण्याचा प्रयत्नही मध्यंतरी पुढे गेला. जीवनमानाविषयी साधे प्रश्न विचारणाऱ्या प्रश्नावल्यांवरून असे दिसले की, रोग बराच वाढलेल्या व्यक्तीही पुष्कळदा सुसंगत उत्तरे देतात, आणि त्यांची उत्तरे त्यांच्या वतीने बोलणाऱ्या नातेवाइकांच्या वा सेवकांच्या उत्तरांहून सामान्यतः अधिक आशादायक असतात. प्रतिनिधीची साक्ष ही मूळ साक्षीची प्रत नव्हे, ही गोष्ट यातून स्पष्ट झाली.

१६ मार्च २०२० रोजी कोरोनाच्या साथीमुळे केअर क्वालिटी कमिशनने आपल्या नित्याच्या तपासण्या स्थगित केल्या. त्याच सुमारास नातेवाइकांच्या भेटीही बंद झाल्या. बाहेरून पाहणारे दोन्ही डोळे एकाच वेळी मिटले. पुढील काही महिन्यांत त्या देशातील निवासगृहांत मृत्यूंचे प्रमाण भयानक वाढले आणि मृतांत स्मृतिभ्रंशाच्या रोग्यांचा वाटा फार मोठा होता. भेटीची मुभा ही सवलत नसून देखरेखीचा भाग आहे, हे त्या काळात अनेक कुटुंबांस कळून चुकले.

८

इंग्लंडच्या या इतिहासाचा एक धागा भारतापर्यंत आलेला आहे. १९१२ च्या भारतीय कायद्याने मनोरुग्णालयांसाठी भेट देणाऱ्या अभ्यागतांची मंडळे नेमली. त्यांनी दरमहा संस्था पाहावी अशी तरतूद होती. ठाणे व येरवडा येथील रुग्णालये या व्यवस्थेखाली चालली. तो कायदा पुढे रद्द झाला आणि २०१७ च्या नव्या मानसिक आरोग्य कायद्याने रोग्याच्या अधिकारांस प्राधान्य दिले. वृद्धांच्या बाबतीत २००७ चा केंद्रीय कायदा प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान १५० निराधार वृद्धांस सामावणारे वृद्धाश्रम उभारण्याची मुभा राज्यशासनांस देतो. आरंभ येथेही संख्येपासून झाला आहे. बेव्हन यांनी पंचवीस-तीस माणसांचे गृह आदर्श मानले होते, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

या इतिहासातून एखादी अंतिम कसोटी हाती येत नाही. नोंदवहीवाचून अन्याय लपतो, इमारतीवाचून प्रतिष्ठा टिकत नाही, सेवकांच्या साक्षीवाचून रात्रीचा वृत्तान्त कळत नाही, आप्तांवाचून माणसाचा पूर्वेतिहास हरवतो. यांपैकी कोणतीच साक्ष वगळता येत नाही आणि कोणतीच एकटी पुरत नाही. परंतु या सर्वांच्या मुळाशी १८४५ चे आयुक्त, टाउनसेंड आणि किटवुड यांस जोडणारी एक साधी गोष्ट आहे: गृहाचा दर्जा त्या गृहात जाऊन, आणि पुरेसा वेळ बसून, पाहावा लागतो. आपली फिर्याद स्वतः सांगू न शकणाऱ्या मनुष्यासाठी कोणी तरी तेथे बसले पाहिजे. कोण, किती वेळ आणि कोणत्या अधिकाराने, हे ठरविण्यात ज्या समाजाने कुचराई केली त्याच्या तक्त्यांतील समाधानाच्या खुणांस फारसा अर्थ राहत नाही.